लोणारच्या गाळातील दुष्काळ

मीरा-भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरे तेथील मुलांच्या परिचयाची असतात. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतले जाते, उन्हाने ते आटते आणि मीठ उरते. या आटण्याला एक क्रम आहे. प्रथम कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते. पाणी मूळच्या सुमारे एक पंचमांश उरले की जिप्सम साचू लागते आणि सुमारे एक दशांश उरले की मीठ. म्हणजे तळाचा क्षार ओळखला, तर पाणी किती आटले होते हे कळते.

मग हजारो वर्षांपूर्वी एखाद्या सरोवरात पाणी किती होते, हेही असेच शोधता येईल का? येईल, मात्र त्या सरोवरातून नदी बाहेर पडत नसावी. नदी असली की जादा पाणी आणि क्षार वाहून जातात. बंद सरोवरात पाऊस वाढला की पातळी चढते, घटला की उतरते.

अशा सरोवरांच्या अभ्यासाचा पाया अमेरिकन भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी घातला. यूटा प्रांतातील डोंगरउतारांवर त्यांना जुने किनारे आढळले. सर्वांत वरचा किनारा आजच्या ग्रेट सॉल्ट लेकच्या सुमारे 300 मीटर वर होता! त्या लुप्त सरोवराला त्यांनी बॉनव्हिल हे नाव दिले. त्यावरील त्यांचा ग्रंथ 1890 साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे असे बंद सरोवर बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे आहे. उल्काघाताने बसाल्टमध्ये पडलेल्या सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवरात ते साठले आहे. त्याचे पाणी खारे आणि अत्यंत अल्कधर्मी आहे. येथे इतिहास शोधायचा तो तळाच्या गाळात. 2008 साली भारतीय व जर्मन संशोधकांनी तेथून सुमारे 10 मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. वनस्पतींच्या अवशेषांतील कार्बन-14 मोजून थरांची वये ठरवली. सुमारे 11,000 वर्षांचा वृत्तांत हाती आला.

या गाळाच्या काही थरांत गेल्युसाइटचे स्फटिक सापडले. सोडियम व कॅल्शियमचे हे सजल कार्बोनेट आहे. वायूंच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेल्या गे-ल्युसॅक यांचेच नाव त्याला दिले आहे. पाणी फार आटून क्षारता वाढली की ते तयार होते. पातळी नेमकी किती मीटर उतरली हे स्फटिक सांगत नाहीत. त्यामुळे परागकण, पानांवरील मेणाचे अवशेष असे इतर पुरावेही पडताळावे लागतात. सर्व मिळून चित्र स्पष्ट होते: सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वी मध्य भारतात मोसमी पाऊस दीर्घकाळ क्षीण होता. सुमारे 2,000 ते 600 वर्षांपूर्वीच्या थरांतही हे स्फटिक आहेत.

याचा आपल्याशी काय संबंध? भारतीय हवामानशास्त्र विभाग 1875 साली स्थापन झाला. पर्जन्यमापकांच्या पद्धतशीर नोंदी आपल्याकडे साधारण दीडशे वर्षांच्याच आहेत, आणि धरणांचे हिशेब आपण त्यांवरच करतो. 1972 चा दुष्काळ आपल्याला भीषण वाटतो, तो दोन-तीन वर्षांचा होता. लोणारचा गाळ शतकानुशतके टिकलेल्या टंचाईची साक्ष देतो, आणि तीही माणसाने हवामानात ढवळाढवळ करण्यापूर्वीची. जे एकदा घडले ते पुन्हा घडू शकते. मोसमी पाऊस शिकवताना सरासरीच्या आकड्याबरोबर हेही मुलांना सांगायला हवे.