हस्तचिकित्सेचा अधिकार आणि क्रम : इटियाडोह परिसराच्या संदर्भात ऑस्टिओपॅथीचा विचार

‘ऑस्टिओपॅथी’ ही संज्ञा आज तीन अर्थांनी वापरली जाते. पहिला अर्थ सिद्धान्ताचा : शरीराची रचना आणि त्याचे कार्य यांच्या परस्परसंबंधाविषयीचे एक मत. दुसरा अर्थ व्यवसायाचा : त्या नावाने शिक्षण घेऊन परवाना मिळवणारा वर्ग. तिसरा अर्थ तंत्राचा : स्नायू, सांधे व मणके यांच्यावर हातांनी करावयाची परीक्षा आणि क्रिया. या तिन्हींची योग्यायोग्यता एकाच निकषावर ठरत नाही. म्हणून त्यांचा विचार क्रमाने करणे भाग आहे.

सिद्धान्त अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकी वैद्याचा. 1864 साली मस्तिष्कावरणदाहाने त्याची तीन मुले दगावली. तत्कालीन औषधे पाऱ्यासारखी घातक होती आणि त्यांवरचा त्याचा विश्वास उडाला. 1874 मध्ये त्याने आपले मत जाहीर केले आणि 1892 मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे विद्यालय काढले. शरीर एकसंध आहे, त्यात स्वनियमनाची शक्ती आहे, रचना व कार्य परस्परावलंबी आहेत आणि उपचार या तिन्हींवर आधारलेला असावा, अशी या मताची सूत्रे पुढे निश्चित झाली. पहिली तीन सूत्रे कोणत्याही शरीरक्रियाशास्त्रज्ञाला मान्य होतील. त्यामुळेच ती वेगळ्या पंथाचा आधार ठरत नाहीत. जी विधाने खरोखर वेगळी होती, उदाहरणार्थ कवटीच्या अस्थींची सूक्ष्म लय बोटांनी ओळखता येते हा सदरलँड या ऑस्टिओपॅथचा दावा, ती परीक्षेत टिकली नाहीत. तेव्हा सिद्धान्त म्हणून ऑस्टिओपॅथीला स्वतंत्र स्थान देण्याचे कारण उरत नाही.

व्यवसायाचे दोन प्रकार संभवतात. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीचा पदवीधर हा पूर्ण अधिकारांचा वैद्य आहे. तो औषध देतो, शस्त्रक्रियाही करतो. ब्रिटनमध्ये 1993 च्या कायद्याने नोंदणीकृत झालेला ऑस्टिओपॅथ केवळ हस्तचिकित्सक आहे. अमेरिकी प्रकाराचा इतिहास बोधप्रद आहे. 1962 साली कॅलिफोर्नियात अशा सुमारे दोन हजार वैद्यांनी अल्प शुल्क भरून नेहमीची एम.डी. पदवी स्वीकारली. 2020 पर्यंत दोन्ही शाखांचे निवासी प्रशिक्षण एकाच मान्यतापद्धतीखाली आले. समान अधिकार मिळाले, परंतु आज ऑस्टिओपॅथीच्या पदवीधरांपैकी बहुसंख्य वैद्य हस्तक्रिया क्वचितच करतात. ज्या तंत्रासाठी व्यवसाय वेगळा झाला, ते तंत्र व्यवसायाच्या यशातच क्षीण झाले.

भारतात या व्यवसायासाठी स्वतंत्र परिषद नाही. फिजिओथेरपीला मात्र आहे : मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात 1952 पासून तिचे शिक्षण चालते आणि 2021 च्या केंद्रीय कायद्याने ती राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आली. कायद्याने मान्यता देणे अशक्य नसते. गोंदिया जिल्ह्यातील इटियाडोह धरणाजवळ गोठणगाव–प्रतापगड भागात 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे, आणि त्यांच्या सोवा-रिग्पा वैद्यकाला 2010 च्या दुरुस्तीने भारतीय वैद्यकपद्धतींत स्थान मिळाले. परंतु सोवा-रिग्पाच्या बाबतीत एक संपूर्ण परंपरा आधीच अस्तित्वात होती. ऑस्टिओपॅथीच्या बाबतीत केवळ एका तंत्रासाठी नवा वर्ग निर्माण करावा लागेल. ते अनावश्यक आहे.

उरते तंत्र. त्याची उपयुक्तता मर्यादित आहे, परंतु शून्य नाही. 1999 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कंबरदुखीचे रुग्ण हस्तक्रियेने आणि नेहमीच्या उपचाराने जवळजवळ सारखेच सुधारले. पहिल्या गटाला औषधे कमी लागली. 2021 च्या फ्रेंच चाचणीत खोट्या हस्तक्रियेच्या तुलनेत लाभ इतका अल्प होता की रुग्णाला तो जाणवेल की नाही, ही शंका राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शिकेने दीर्घकालीन कंबरदुखीसाठी शिक्षण व व्यायामासोबत मणक्यांवरील हस्तक्रियेलाही जागा दिली आणि ताण देणे व कंबरपट्टा यांना नेहमीच्या उपचारातून वगळले. यावरून इतकेच सिद्ध होते : विशिष्ट कारण नसलेल्या कंबरदुखीत हस्तक्रिया हे एक गौण, औषधभार कमी करणारे साधन आहे. दमा, अपचन किंवा वंध्यत्व यांवरील दाव्यांचा विचार येथे करण्याची गरज नाही.

‘विशिष्ट कारण नसलेली’ ही अट मात्र मूलभूत आहे, आणि इटियाडोह परिसरात ती पाळणे इतरत्रपेक्षा कठीण आहे. गाढवी नदीवरील या धरणाचे पाणी अर्जुनी मोरगाव तालुक्यापासून खाली गडचिरोलीच्या धानपट्ट्यापर्यंत जाते. पाणी आहे म्हणून रोवणी आहे. पऱ्हे उपटणे आणि चिखलाच्या बांधीत दिवसभर वाकून ते लावणे हे काम मुख्यतः स्त्रिया करतात. कापणी, भाऱ्यांची वाहतूक, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, जलाशयावर जाळी ओढणे, हे सर्व भार मणक्यावरच येतात. यातून उद्भवणारी वेदना यांत्रिक आहे : विश्रांतीने कमी होणारी, वाकण्याने वाढणारी. हस्तक्रियेचे क्षेत्र हेच.

परंतु याच भागात सिकलसेल आजार आहे. पूर्व विदर्भातील आदिवासी व अनुसूचित जातींच्या समाजांत त्याचे जनुक लक्षणीय प्रमाणात आढळते. रुग्णाच्या तांबड्या पेशी वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या अडतात आणि अस्थींना रक्त मिळत नाही. परिणामी पाठ, कंबर, मांड्या यांत तीव्र वेदना उठते. या वेदनेची उत्तेजक कारणे म्हणजे श्रम, थंडी, भिजणे आणि शरीरातील पाण्याची कमतरता. पावसात, पाणी पिण्यासही न थांबता केलेली रोवणी ही सर्व कारणे एकत्र आणते. म्हणजे एकच काम, एकाच ऋतूत, एकाच अवयवात, दोन सर्वस्वी भिन्न वेदना निर्माण करते. आणि दोन्हींना गावात ‘कंबर धरली’ असेच म्हणतात. पहिलीत मणका हलवणे कदाचित उपकारक. दुसरीत ते अपायकारक, आणि बर्फाचा शेकसुद्धा रक्तवाहिन्या आकुंचित करून हानी करतो. येथे तत्काळ पाणी, ऊब, योग्य वेदनाशामक आणि रुग्णालय हाच उपचार.

येथे आणखी दोन भेद करावेत. सिकलसेलचा वाहक आणि रुग्ण हे वेगळे. वाहकाला सामान्यतः अशा वेदना होत नाहीत. त्याची कंबर कोणाही शेतमजुराच्या कंबरेसारखीच तपासावी. केवळ चाचणीच्या कागदावर ‘सिकल’ हा शब्द दिसला म्हणून त्याला उपचार नाकारणे हाही दोषच होय. दुसरा भेद तीव्र वेदना आणि अस्थिमृत्यू यांतला. रुग्णाच्या मांडीच्या हाडाचे शीर्ष रक्ताअभावी मृत होते तेव्हा दुखणे जांघेत किंवा कधी गुडघ्यात जाणवते, आणि मांडी आत वळवताना अडते. हा अडथळा क्ष-किरण चित्रात बदल उमटण्यापूर्वीही हाताला कळू शकतो. ऑस्टिओपॅथीच्या तंत्रातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हात हा उपचाराचे साधन होण्यापूर्वी परीक्षेचे साधन आहे, आणि आपल्या रुग्णालयांत चित्र व गोळी यांच्या मध्ये तो हरवला आहे.

यंत्रणेत हे काम तिघांकडे येऊ शकते. हाडवैद्य गावात आधीपासूनच आहे. त्याचे चोळणे बहुधा निरुपद्रवी असते. मोडलेल्या हाडावर घट्ट बांधणे मात्र तसे नसते, कारण रक्तप्रवाह थांबून अवयव गमावण्याचा धोका संभवतो. सुश्रुताने संधिमुक्ताचे सहा आणि कांडभग्नाचे बारा प्रकार सांगितले आहेत. ज्या परंपरेचा आधार हाडवैद्य घेतो, तीच परंपरा प्रकार ओळखल्याशिवाय हात घालू देत नाही. दुसरा फिजिओथेरपिस्ट : अधिकारी, परंतु तालुक्याच्या पातळीवर विरळ. तिसरा उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी. महाराष्ट्रात या पदावर आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत, म्हणजे भग्नचिकित्सा त्यांनी अभ्यासलेली आहे. हस्तपरीक्षेचे शिक्षण प्रथम त्यांना द्यावे, हस्तक्रियेचे नंतर.

क्रियेचा क्रम यातून आपोआप निष्पन्न होतो. प्रथम प्रश्न : ताप, वजनात घट, रात्रीची वेदना, लघवी अडकणे, जांघेतील बधिरता, क्षयाचा पूर्वेतिहास. यांपैकी काही असल्यास हात न लावता रुग्णाला अर्जुनी मोरगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा पुढे, 2016 पासून चालू असलेल्या गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. दुसरी पायरी सिकलसेलची विद्राव्यता चाचणी; 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानामुळे ती तळापर्यंत पोहोचणे अपेक्षित आहे. ती सकारात्मक आल्यास वाहक की रुग्ण हे पुढील तपासणीनेच ठरते. तिसरी पायरी सांध्यांची हस्तपरीक्षा. चौथी, आणि तीही मानेचा झटका पूर्णतः वर्ज्य करून, कंबरेवरील सौम्य क्रिया, तिच्यासोबत व्यायाम. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी धमनी फाटल्याची उदाहरणे विरळ असली तरी लाभाच्या मानाने ती जोखीम असमर्थनीय आहे. काही आठवड्यांत फरक न पडल्यास क्रिया थांबवून निदान पुन्हा पहिल्या पायरीपासून तपासावे. रोवणीच्या दिवसांत हा अवधीही लांबवू नये : मजुरी बुडू नये म्हणून स्त्री दुसऱ्या भेटीला येतेच असे नाही, आणि पहिल्याच भेटीत जे ओळखता आले नाही ते बहुधा पुढील ऋतूपर्यंत तसेच राहते.