भोंग्यामागची पेटी



ही पेटी आम्ही मुद्दाम टेबलावर आणून ठेवली आहे. व्याख्यान संपल्यावर उचलून पाहा, हात भरून येईल. आत लोखंडी पत्र्यांचे दोन ट्रान्सफॉर्मर आहेत आणि काचेचे व्हॉल्व्ह. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, कुठंही जुन्या माणसाला विचारा. तो हिला अ‍ॅम्प्लिफायर म्हणणार नाही, 'मशीन' म्हणेल. भोंगा झाडावर दिसायचा, मशीन मात्र मांडवाच्या कोपऱ्यात, सतरंजीआड असायचं.

आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगताना आपण भाषणांचा उल्लेख करतो. जांबुवंतराव धोटे यांच्या सभा आठवतो. १९७३ साली यवतमाळला गदिमांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं, तेही अभिमानानं सांगतो. पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कोणी पोचवला, हे कोणी लिहून ठेवत नाही. मशीनवाल्याची वही सहसा सापडत नाही. सापडलं तर त्याचं मशीन सापडतं. म्हणून आमचं म्हणणं असं, की हे मशीन म्हणजेच त्याची वही आहे. दुरुस्ती करताना ती वाचायची की पुसायची, एवढाच आजचा प्रश्न.

आधी थोडं मागे जाऊ. अहुजा ही दिल्लीची कंपनी १९४० ची. भोंग्यावरचं ते नाव आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. १९६१ मध्ये बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले, आणि गंमत बघा, पुढच्याच वर्षी तिथं जर्मेनियमचे ट्रान्झिस्टरसारखे भागही बनू लागले. म्हणजे व्हॉल्व्ह देशात तयार व्हायला लागला तोवर त्याची जागा घेणारा दारात उभा होता. तरी खेड्यापाड्यांत व्हॉल्व्हचं मशीन पुढंही बरीच वर्षं चाललं. कारण साधं होतं: ते उघडता यायचं, भाग दिसायचे, बदलता यायचे.

त्याच काळात जगात दुसरीकडे काय चाललं होतं? अमेरिकेत फेंडर कंपनीनं १९५२ मध्ये बेस गिटारसाठी 'बेसमन' नावाचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर काढला. लंडनमधल्या जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये त्याच्याच सर्किटवरून नवा अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला, आणि रॉक संगीताचा आवाज बदलला. आतली विद्या आपल्या मशीनचीच: दोन पॉवर व्हॉल्व्ह आळीपाळीनं ओढतात, आउटपुट ट्रान्सफॉर्मर तो जोर स्पीकरला देतो. फरक शेवटच्या टोकाला. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. तिला मोठा कागदी स्पीकर लागतो. भोंग्यातून तो खर्ज निघतच नाही. पण माणसाचं बोलणं शेतापलीकडे पोचवायला भोंग्यासारखं दुसरं साधन नव्हतं.

आता आमची चूक सांगतो. पहिलं मशीन आमच्याकडे भंगारातून आलं. उत्साहाच्या भरात आम्ही ते नव्यासारखं केलं. जुने कंडेन्सर काढले, तारा बदलल्या, पेटीला रंग मारला. मशीन छान वाजलं. मग एका जुन्या मेकॅनिक काकांना दाखवायला बोलावलं. त्यांनी झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं, आणि विचारलं, "ते लाल तार कुठी गेली?"

आम्ही म्हटलं, "काका, ती कुठंच जोडलेली नव्हती. काढून टाकली."

"अरे बावा, ते बॅटरीची होती. गावात लाइट नव्हती तवा मोटारीच्या बॅटरीवर चालवत होतो आम्ही."

वीज नसलेल्या गावात बॅटरीचा प्रवाह 'व्हायब्रेटर' नावाची पत्ती सेकंदाला शंभरेक वेळा तोडायची, ट्रान्सफॉर्मर त्याचे शेकडो व्होल्ट करायचा. वीज आल्यावर व्हायब्रेटर निघाला, तार तेवढी उरली. आपल्या भागात वीज पोचण्याआधी भोंगा पोचला होता, याचा तो पुरावा होता. आम्ही तो केराच्या टोपलीत टाकला. काका रागावले नाहीत. "मशीन वाजते ना, मंग झालं," एवढंच म्हणाले. पण ते आम्हाला लागलं.

टेबलावरचं हे दुसरं मशीन. इथं आम्ही क्रम बदलला. आधी फोटो, मग प्रत्येक जोडाची नोंद. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठीसह डबीत ठेवला. मग दुरुस्ती. इथं कोणी घरी प्रयोग करणार असेल तर ऐका: बंद मशीनमधले कंडेन्सरही जीवघेणा दाब धरून ठेवतात. जाणकाराशिवाय हात घालू नका. जुनं मशीन थेट बोर्डात लावू नका. आमच्या काकांनी सिरीज बोर्डावर, शंभर वॅटच्या बल्बमधून ते सुरू केलं. बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे. मंद झाला तर पुढं जायचं.

खरा चोर असतो तो दोन टप्प्यांमधला कागदी कंडेन्सर. तो झिरपू लागला की पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको तो दाब येतो, व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद होते आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून ते कंडेन्सर आम्ही बदललेच. तिथं जुन्याचा मोह धरला नाही. पण ट्रान्सफॉर्मर पूर्वी कोणीतरी हातानं पुन्हा गुंडाळलेला आहे. गुंडाळी जरा वाकडी आहे, वरचा कागद वहीचा आहे. तो चालतो, म्हणून तसाच ठेवला. सरळ करावा का, असं विचारलं तेव्हा काका म्हणाले, "त्याले हात नका लावू. त्याच्यावर किती लगीनसराया निंगाल्या!"

म्हणून आमचा नियम आता असा: जे धोक्याचं आहे ते बदलायचं, जे चालतं ते राहू द्यायचं, आणि जे काढलं ते जपायचं. तुमच्या गावात, एखाद्या बंद दुकानाच्या माळ्यावर अशी पेटी असेल. ती भंगारात देण्याआधी एकदा झाकण उघडून, प्लग न लावता, नुसतं आत पाहा. आणि ज्यांनी ती चालवली ते काका अजून असतील, तर आधी त्यांच्याकडे जा. तारा थांबतील. ते थांबतीलच असं नाही.