नदीकाठी नसलेलं शहर : एर्बिलची सहा हजार वर्षं

माझी पीएचडी भूजलावर आहे. इतिहास हा विषय दहावीनंतर सुटला तो सुटलाच. पण मध्यंतरी टायग्रिस-युफ्रेटिस खोऱ्यातल्या भूजलावरचे शोधनिबंध वाचत होते, तेव्हा नकाशात एक शहर दिसलं आणि मी तिथंच अडकले. शहराचं नाव एर्बिल. कुर्दी लोक त्याला हेवलेर म्हणतात. आज ती इराकमधल्या कुर्दिस्तान प्रदेशाची राजधानी आहे आणि जगातल्या सतत वस्ती असलेल्या सगळ्यात जुन्या शहरांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

मी अडकले ते एका साध्या प्रश्नापाशी. या शहराची नदी कुठंय?

शाळेत आपण पाठच केलेलं असतं की प्राचीन संस्कृती नद्यांच्या काठी वाढल्या. एर्बिलच्या आसपासची नावाजलेली शहरं घ्या. अश्शूर, निमरूद, निनेवे ही असिरियन साम्राज्याची मोठी शहरं टायग्रिसच्या आधाराने उभी राहिली. एर्बिलचं तसं नाही. झाग्रोस पर्वतातून दोन नद्या उतरून टायग्रिसला मिळतात, वरची झाब आणि खालची झाब. या दोघींच्या मधल्या मैदानात एर्बिल आहे. त्यातल्या त्यात जवळची वरची झाब, तीही तीसेक किलोमीटर लांब. बैलगाडीच्या काळात तीस किलोमीटरवरून कुणी प्यायचं पाणी आणत नाही. मग हे शहर सहा हजार वर्षं टिकलं कशावर?

आधी ते टेकाड

एर्बिलच्या मधोमध एक लंबगोल टेकाड आहे. साधारण ४३० मीटर लांब, ३४० मीटर रुंद आणि आजूबाजूच्या रस्त्यांपासून २५ ते ३२ मीटर उंच, म्हणजे आठ-दहा मजली इमारतीएवढं. वरचं क्षेत्रफळ १० हेक्टरच्या आसपास. त्याला किल्ला म्हणतात, पण ही डोंगराची सोंड वगैरे नाही. हे टेकाड माणसांनी बनवलंय, आणि तेही न ठरवता.

आपल्याकडे जुन्या गावांत गावठाणाच्या उंचवट्याला ‘पांढर’ म्हणतात. मातीची घरं पडतात, तीच माती सपाट करून वर नवी घरं उठतात, आणि शेकडो वर्षांत गाव आपोआप उंच होत जातं. तेरला किंवा नेवाशाला गेला असाल तर अशी टेकाडं पाहिली असतील. एर्बिलचा किल्ला म्हणजे अशीच एक पांढर, फक्त तिचे थर सहा हजार वर्षांचे. २०१४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतलं.

टेकाडाभोवती शहर गोलाकार पसरलंय. उपग्रहचित्रात बघा, झाडाच्या खोडावरच्या वर्तुळांसारखे रस्ते दिसतात. लोक त्यांना रुंदीवरूनच ओळखतात : तीस मीटर रस्ता, साठ मीटर रस्ता, शंभर मीटर रस्ता. बाहेरचं वर्तुळ जितकं मोठं, तितकं ते अलीकडचं.

नाव बदललं नाही, राजे बदलले

इसवी सनापूर्वी सुमारे २३०० च्या, सीरियातल्या एब्ला इथे मिळालेल्या मातीच्या पाट्यांवर या गावाचं नाव येतं. पुढे सुमेरच्या उर राज्याच्या नोंदींत ते ‘उर्बिलुम’ होतं. असिरियन काळात ‘अर्बाइल’. अक्कडियन भाषेत या नावाचा अर्थ ‘चार देव’ असा लावता येतो, पण नाव त्या भाषेपेक्षा जुनं असावं आणि अर्थ मागून चिकटवलेला असावा. (आपल्याकडच्या गावांच्या नावांच्या गोष्टी आठवा.)

असिरियन काळात इथली इश्तर देवी फार मोठी होती. एसरहद्दोन आणि अशुरबनिपाल हे सम्राट युद्धाआधी तिचा कौल घेत. इ.स.पू. ६१४ ला अश्शूर पडलं, ६१२ ला निनेवे पडलं. असिरियाचं साम्राज्य संपलं आणि त्या राजधान्या पुन्हा तशा कधी उभ्या राहिल्या नाहीत. एर्बिल मात्र चालू राहिलं. इराणी सम्राट पहिला दारियस याच्या बेहिस्तून शिलालेखात आर्बेला भेटतं, कारण एका बंडखोराला त्याने इथे सुळी दिलं होतं. इ.स.पू. ३३१ मध्ये अलेक्झांडरने तिसऱ्या दारियसला गॉगमेलाला हरवलं, त्या लढाईला बरेच जण ‘आर्बेलाची लढाई’ म्हणतात. लढाई झाली दूर, पण दारियस पळून आधी आला तो इथंच, आणि त्याचा खजिनाही इथंच सापडला.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात हे अदियाबेन राज्याचं मुख्य ठिकाण होतं. तिथल्या हेलेना राणीने यहुदी धर्म स्वीकारला आणि तिची कबर जेरुसलेममध्ये आहे. बाराव्या-तेराव्या शतकात सलाहुद्दीनचा मेहुणा मुझफ्फरुद्दीन गोकबोरी याने खालचं शहर वाढवलं. त्याच्या काळचा ३६ मीटरचा मिनार अजून उभा आहे. चरित्रकोशासाठी प्रसिद्ध असलेला इब्न खल्लिकान १२११ साली इथलाच. १२३० च्या दशकात मंगोल आले, त्यांनी खालचं शहर लुटलं, पण टेकाडावरचा किल्ला त्या वेळी त्यांच्या हाती लागला नाही.

एवढी यादी दिली कारण ‘प्राचीन कुर्दी शहर’ म्हणताना थोडं जपून म्हणायला हवं. सुरुवातीला इथे कोण राहत होतं, ते कोणती भाषा बोलत होते, यावर आजची ओळख थेट चिकटवता येत नाही. सुमेरी, असिरियन, इराणी, अरब, तुर्कमेन, ख्रिस्ती, यहुदी सगळे इथे राहून गेले, त्यातले काही आजही आहेत. आज शहर प्रामुख्याने कुर्दी आहे आणि कुर्दी माणसाला ते आपलं वाटतं, हेही तितकंच खरं.

तर पाणी कुठून?

आता माझ्या विषयाकडे येते. उत्तराचे तीन भाग आहेत.

पहिला, पाऊस. एर्बिलला वर्षाला साधारण ४०० मिलीमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशापेक्षाही कमी. पण तो पडतो हिवाळ्यात. थंडीत बाष्पीभवन कमी असतं, त्यामुळे पडलेलं पाणी जमिनीत मुरायला वेळ मिळतो आणि गव्हाला नेमकं हवं तेव्हा ओल मिळते. दक्षिण इराकमध्ये कालव्याशिवाय शेती नाही. एर्बिलच्या मैदानात मात्र नुसत्या पावसावर गहू आणि सातू येतो. म्हणजे पोटापुरत्या धान्यासाठी नदीची गरज नव्हती.

दुसरा, डोंगर. सेन्नाखेरिब (इ.स.पू. ७०५ ते ६८१) या असिरियन राजाने एर्बिलसाठी पाणी आणलं. शहराच्या उत्तरेला बस्तोराच्या खोऱ्यात त्याचा शिलालेख १९४० च्या दशकात सापडला. त्यात तो सांगतो की एर्बिलच्या वरच्या डोंगरांतल्या तीन ओढ्यांचं पाणी घेतलं, डाव्या-उजव्या बाजूचे झरे त्यात जोडले आणि कालवा खणून ते इश्तरच्या नगरात आणलं. अंतर वीसेक किलोमीटर. राजे लोक शिलालेखात बढाया मारतात, पण या कालव्याचं दगडी तोंड खरोखर तिथं आहे.

तिसरा भाग माझा आवडता : कारेज. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल विहीर खणायची, पाणी लागेपर्यंत. मग तिथून गावाच्या दिशेने जमिनीखालून बोगदा काढायचा, अगदी बेताचा उतार ठेवून, हजार मीटरला एखादा मीटर. बोगद्यावर ठरावीक अंतराने उभी भोकं, हवा येण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी. पाणी आपल्या वजनानेच वाहत गावात येतं आणि जमिनीवर उघडं पडतं. उपसा नाही, मोट नाही, वीज नाही. छत्रपती संभाजीनगरमध्ये मलिक अंबरची नहर पाहिली असेल तर तत्त्व लगेच लक्षात येईल. इराणपासून दख्खनपर्यंत पसरलेलं हे एकच तंत्र आहे.

कारेजचा एक गुण भूजलवाल्यांना फार भावतो. तिला हाव करताच येत नाही. पाण्याची पातळी जोवर बोगद्याच्या वर आहे तोवरच ती वाहते. पाऊस चांगला झाला तर जास्त, कमी झाला तर कमी. जमिनीत जेवढं मुरलं त्यापेक्षा जास्त ती वर्षानुवर्षं काढूच शकत नाही.

आणि मग पंप आला

बोअरवेलचं तसं नाही. पाणी खाली गेलं की पाइप आणखी खाली जातो. पण एका बोअरने पातळी बोगद्याच्या खाली नेली की शेजारची अख्खी कारेज बंद पडते. लोकांनी काही चुकीचं केलेलं नसतं. फक्त ती खाली सरकू शकत नाही.

युनेस्कोने २००९ साली उत्तर इराकमधल्या कारेजांची पाहणी प्रसिद्ध केली. एकूण ६८३ कारेज मोजल्या. २००४ मध्ये त्यातल्या ३८० चालू होत्या. ऑगस्ट २००९ मध्ये उरल्या ११६. पाच वर्षांत! कारणं दोन मोठी, दुष्काळ आणि पंपांचा उपसा. २००५ पासून पाण्याअभावी सुमारे एक लाख लोकांना गाव सोडावं लागल्याचंही त्यात म्हटलंय. याआधीचं एक कारण राजकीय आहे. १९८० च्या दशकात सद्दामच्या राजवटीने हजारो कुर्दी गावं उद्ध्वस्त केली. कारेज नियमित साफ करावी लागते. गावच उरलं नाही तर गाळ काढायला उतरणार कोण?

माझ्या वाचनातला दुसरा आकडा आकाशातून आलाय. ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी २०१७ पर्यंत गुरुत्वाकर्षणातले बारीक बदल मोजत होती, त्यावरून जमिनीतलं पाणी वाढलं की घटलं ते कळत होतं. २००३ ते २००९ या काळात टायग्रिस-युफ्रेटिस खोऱ्याच्या परिसरातलं सुमारे १४४ घन किलोमीटर पाणी कमी झालं. अंदाज येत नाही ना? पूर्ण भरलेली जवळपास पन्नास जायकवाडी धरणं. त्यातलं सुमारे ६० टक्के भूजल उपसल्यामुळे.

हे दोन आकडे एकाच काळातले आहेत. उपग्रहाने जे वरून वजनात मोजलं, तेच जमिनीवर एकेक कारेज बंद पडताना गावांनी पाहिलं. आमच्या क्षेत्रात आम्ही आलेख काढतो तेव्हा त्या उतरत्या रेषेखाली गावं असतात हे विसरायला होतं, निदान मला तरी.

एक कुटुंब

शेवटी पुन्हा त्या टेकाडावर. गाव गमावलेली बरीच माणसं या किल्ल्यावरच्या जुन्या वाड्यांमध्ये येऊन राहिली होती, कारण वाड्यांचे मूळ मालक केव्हाच खालच्या शहरात उतरले होते. २००७ च्या सुमारास जीर्णोद्धारासाठी किल्ल्यावरची ८४० कुटुंबं हलवण्यात आली. एक कुटुंब मात्र मुद्दाम ठेवलं, वस्तीचा धागा तुटू नये म्हणून.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे गमतीशीर वाटलं होतं. सहा हजार वर्षांचा विक्रम एका घराच्या चुलीवर! आता तसं वाटत नाही. शहर चालू राहतं म्हणजे कुणीतरी रोज तिथे पाणी भरतं. एर्बिलची लोकसंख्या आज दहा लाखांच्या वर आहे. झाबचं पाणी आता पंपाने शहरात येतं, आणि जोडीला बोअरवेल आहेतच. मंगोलांना जे टेकाड सहजी घेता आलं नाही, त्याच्या पायाखालची पाण्याची पातळी आपण एका पिढीत खाली नेली. ‘आपण’ असं मुद्दाम लिहिलंय. माझ्या अभ्यासातली मराठवाड्यातली गावं आणि एर्बिलचं मैदान यांचे आलेख शेजारी ठेवले, तर नाव झाकल्यावर कुठला कुणाचा हे मलाही पटकन ओळखता येत नाही.