स्टिरिओ स्पीकर : घरातील मांडणी

ध्वनिमुद्रणातले गायक-वादक समोर आपापल्या जागी बसल्यासारखे ऐकू यावेत, यासाठी दोन स्पीकर आणि ऐकणारा यांच्या जागा ठरवण्याची रीत. तिला मोजपट्टी, आरसा आणि चांगल्या परिचयाचे एखादे ध्वनिमुद्रण एवढे साहित्य पुरते. खोलीचा आकार, भिंतींचे साहित्य आणि बसण्याची पद्धत यांवर मांडणी अवलंबून असल्यामुळे या नोंदीत सांगली-सातारा भागातली घरे डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

स्टिरिओची मूळ कल्पना इंग्लंडमधल्या अॅलन ब्लूमलाइन या अभियंत्याची. त्याने डिसेंबर 1931 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. स्टिरिओ तबकड्या बाजारात यायला 1958 उजाडले. दोन्ही कानांना मिळणाऱ्या आवाजाच्या वेळेत आणि जोरात जो सूक्ष्म फरक असतो, त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. दोन स्पीकरांतून एकच आवाज सारख्या जोराने आणि एकाच क्षणी आला, तर तो दोघांच्या बरोबर मध्ये, रिकाम्या जागेतून आल्यासारखा वाटतो. हा भास पक्का बसवणे हेच मांडणीचे मुख्य काम.

ते जमले की नाही हे पाहायला सर्वांत कडक कसोटी स्टिरिओ नव्हे, एकमार्गी म्हणजे मोनो ध्वनिमुद्रणाची. मोनोला दोन स्पीकर वाया जातात असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. या भागाचा सांगीतिक वारसा बराचसा मोनोच आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (1872–1937) मिरजेत स्थायिक झाले, त्यांची कबरही मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. त्यांची ध्वनिमुद्रणे स्टिरिओपूर्व काळातली. 1963 मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणीच्या सांगली केंद्राचे मध्यम लहरींवरचे प्रसारणही मोनो. खाँसाहेबांची एखादी ठुमरी दोन स्पीकरांवर लावावी आणि डोळे मिटावेत. आवाज मधोमध, एका माणसाच्या रुंदीइतका आणि स्थिर आला पाहिजे. तो एका बाजूला कलत असेल तर अंतरे असमान आहेत, किंवा एका स्पीकरजवळ भिंत आणि दुसऱ्याजवळ दार आहे. आवाज खोलीभर पसरून कुठूनच येत नसेल आणि खर्जही पातळ झाला असेल, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी जोडली गेली आहे. हा दोष फार घरांत असतो आणि वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. मोनोत मध्य सापडला की मग स्टिरिओ लावावा. सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांची 1970 च्या दशकात स्टिरिओत निघालेली चित्रपटगीते त्यासाठी चांगली: गळा मध्ये राहतो आणि वाद्ये दोन्ही बाजूंना उलगडतात.

प्राथमिक मांडणी समभुज त्रिकोणाची. दोन स्पीकरांमध्ये 6 ते 8 फूट अंतर ठेवावे आणि ऐकणाऱ्याने प्रत्येकापासून तितक्याच अंतरावर बसावे. स्पीकरची तोंडे थोडी आत वळवावीत. किती, हे मोनो आवाज किती रेखीव येतो त्यावरून ठरवावे. दोन्ही अंतरे टेपने मोजावीत, अंदाजावर सोडू नयेत. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे 35 सेंटिमीटर जातो आणि एवढ्याशा फरकानेही मधला आवाज जवळच्या स्पीकरकडे ओढला जातो. त्यामुळे खरा स्टिरिओ एका वेळी एकालाच पुरता मिळतो. चार जणांनी मिळून ऐकायचे असेल तर मागे-पुढे बसावे.

उंचीचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. बाजारातले स्टँड साधारण दोन फुटांचे असतात, कारण ते खुर्चीत बसणाऱ्यांसाठी बनतात. गादीवर लोडाला टेकून बसणाऱ्याचा कान जमिनीपासून 75 ते 80 सेंटिमीटरवर येतो, सोफ्यावर तो मीटरभर उंचीवर असतो. बारीक आवाज देणारा वरचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, कानाच्या रेषेत हवा; रेषेबाहेर गेला की तंबोऱ्याची जवारी आणि तबल्याच्या चाटेचा टणत्कार मंदावतो. बैठकीसाठी दीड फुटाचे बैठे स्टँड पुरते. सांधे घट्ट असतील तर माजघरातली जुनी घडवंचीही चालते. चौरंग फार बुटका. त्यावर स्पीकर ठेवायचाच झाला तर पुढून पाचर देऊन तोंड किंचित वर करावे. छताजवळ खिळ्याला टांगलेले किंवा शोकेसच्या माथ्यावर चढवलेले स्पीकर हॉटेलात शोभतात. गाणे ऐकायला ते निरुपयोगी आहेत.

यानंतर भिंत. आपल्या घरांत सगळे सामान भिंतीला टेकवून मधली जागा पंगतीसाठी, पाहुण्यांसाठी मोकळी ठेवतात. स्पीकरला ही शिस्त मानवत नाही. भिंतीलगत खर्ज फुगतो, कोपऱ्यात आणखी फुगतो आणि कोनाड्यात किंवा फडताळात कोंबलेला स्पीकर तर घुमतच राहतो. पुढे ओढला तरी नेमके किती, याला महत्त्व आहे. मागच्या भिंतीवर आपटून परतणारा ध्वनी जाऊन-येऊन अर्ध्या तरंगलांबीने मागे पडला, की समोरच्या ध्वनीला खोडून काढतो. स्पीकरचा पडदा भिंतीपासून 2 फुटांवर असेल तर ही खोड सुमारे 142 हर्ट्‌झला बसते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज 139 हर्ट्‌झचा. म्हणजे नेमका त्याच्या ‘सा’पाशी आवाज पोकळ होतो. 3 फुटांवर हा खड्डा 95 हर्ट्‌झपर्यंत उतरतो. भिंतीचे परिणाम एकमेकांवर चढू नयेत म्हणून मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासूनची अंतरे सारखी ठेवू नयेत.

खोलीलाही स्वतःचे स्वर असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमधले अंतर ज्या ध्वनीच्या अर्ध्या तरंगलांबीइतके, तो ध्वनी त्या खोलीत उचलला जातो. 12 फुटांना सुमारे 47 हर्ट्‌झ, 10 फुटांना 57. सांगलीच्या विश्रामबागेकडच्या फ्लॅटांत लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही जवळजवळ 10 फूट असलेली खोली मिळाली, तर तिन्ही दिशांचे स्वर 57 वर येऊन एकत्र होतात आणि तिथला खर्ज कशानेही सुधारत नाही. अशा वेळी स्पीकर दुसऱ्या खोलीत न्यावेत. लांबट खोलीत स्पीकर आखूड भिंतीकडे ठेवावेत. ऐकणाऱ्याने मागच्या भिंतीला पाठ टेकवू नये, कारण तिथे खर्ज सर्वांत दाट असतो. अगदी खोलीच्या मध्यावरही बसू नये, कारण तिथे पहिला स्वर बुडतो. लांबीच्या तिसऱ्या हिश्शाच्या थोडे आत बसून पाहावे आणि वीतभर मागे-पुढे सरकत जावे. तपासायला डग्गा उत्तम: मनगट दाबून काढलेली मींड सलग उतरली पाहिजे. मध्येच एखादा ठोका अंगावर आला तर तो खोलीचा आहे, वादकाचा नाही. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीवर पोसलेला कान या फुगवट्यालाच दमदार खर्ज समजतो, हे मात्र मान्य करायला हवे.

जुने वाडे या बाबतीत नशीबवान. मातीच्या जाड भिंती, लाकडी तक्तपोशी, तुळया, कोनाडे यांमुळे ध्वनी विखुरतो आणि फळ्यांचे छत थोडा खर्ज गिळते. त्यांच्या सोप्यात मात्र स्टिरिओ लावू नये. एक बाजू उघडी असल्याने डावे-उजवे कधी जुळत नाही. सिमेंटच्या स्लॅबखालची, फरशीची, गुळगुळीत गिलाव्याची रिकामी खोली याच्या उलट. 12 बाय 15 फुटांच्या अशा खोलीत सॅबिनच्या सूत्राने ध्वनी विरायला तीन सेकंदांच्या आसपास लागतात. गाद्या, पडदे, पुस्तकांची कपाटे आली की हा काळ झपाट्याने उतरतो. बाजूच्या भिंतीवर कुठे काय लावायचे हे आरसा सांगतो: एकाने भिंतीवर आरसा सरकवावा आणि ऐकण्याच्या जागी बसलेल्याला त्यात स्पीकर जिथे दिसेल तिथे शोषक टांगावे. माण-खटावकडची लोकरीची घोंगडी यासाठी छान, फक्त ती भिंतीला चिकटवू नये. भिंतीपासून 3-4 इंच सोडली तर ती खाली हजार हर्ट्‌झपर्यंतचे स्वरही धरते. खर्जावर तिचा काही उपाय चालत नाही.

मिरजेची सतार आणि तंबोरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या घरात अशी वाद्ये आहेत तिथे एक अडचण उद्‌भवते: स्पीकरमधल्या स्वराने कोपऱ्यातल्या तंबोऱ्याच्या तारा आपोआप बोलू लागतात आणि प्रत्येक गाण्यामागे नको असलेली आस राहते. गवसणी घालून वाद्य शेजारच्या खोलीत ठेवणे हाच उपाय. लोखंडी कपाटे आणि शोकेसच्या काचा यांचा किणकिणाटही आधी शोधून बंद करावा.

महागड्या वायरींवर खर्च करण्याचे कारण नाही. घराच्या वायरिंगची 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर 5 मीटर ओढली तरी जाऊन-येऊन सुमारे 0.07 ओहमच रोध येतो. 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो शेकडा एकपेक्षा कमी.

सांगलीत कृष्णेचाही विचार करावा लागतो. ऑगस्ट 2019 मध्ये इर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले, जिथे धोक्याची पातळी 45 फूट आहे. गावभागातल्या तळमजल्यावर कायमचे जड स्पीकर ठेवण्यापेक्षा माडी बरी. मात्र माडीची लाकडी जमीन खर्जाबरोबर थरथरते. स्टँड तुळईच्या वर येईल असा ठेवावा आणि खाली जाड रबराचे तुकडे द्यावेत. पाण्यात भिजलेला पडदा बदलता येतो, पण भुशाच्या दाबीव फळीची पेटी एकदा फुगली की पूर्ववत होत नाही.