सल्फर डायऑक्साइडचे निकष : मोजमाप धुराड्यात की हवेत?

कोळशावरील वीज प्रकल्पांतून बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडबाबत केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि आर. के. पुरम येथील सेवा भवनातील केंद्रीय विद्युत प्राधिकरण यांच्यात दीर्घकाळ मतभेद राहिले.

पर्यावरण मंत्रालयाने 7 डिसेंबर 2015 रोजी धुराड्यातून निघणाऱ्या वायूवर मर्यादा घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. त्यासाठी बहुतेक प्रकल्पांना धुरातील गंधक काढणारी ‘एफजीडी’ यंत्रणा आवश्यक होती. सर्व ठिकाणी एकच निकष नको, अशी भूमिका प्राधिकरणाने 2020 मध्ये मांडली. तिचा आधार धुराडे नव्हे, तर परिसरातील हवा हा होता. हवेसाठी 24 तासांचे राष्ट्रीय मानक प्रति घनमीटर 80 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची शिफारस 40 ची आहे.

आरोग्याच्या दृष्टीने हा फरक कळीचा ठरतो. हवेत या वायूचे सल्फेटच्या सूक्ष्म कणांत रूपांतर होते. हे कण दूरवर वाहत जातात व फुप्फुसांत खोलवर शिरतात. प्रकल्पालगतच्या सल्फर डायऑक्साइडच्या नोंदीत ते दिसत नाहीत.

मुदत वारंवार वाढत गेली. अखेर जुलै 2025 मध्ये पर्यावरण मंत्रालयानेच सुमारे 78 टक्के संचांना या मर्यादेतून सूट दिली. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र आणि दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांपासून 10 किलोमीटरच्या आतील प्रकल्पांना डिसेंबर 2027 ची मुदत आहे. चंद्रपूरसारख्या प्रदूषणग्रस्त शहरांलगतच्या प्रकल्पांबाबत स्वतंत्रपणे निर्णय होणार आहे.