अर्जातला एक रकाना

बायकोकडे राहायला जाण्यासाठी ब्रिटनचा व्हिसा मागणाऱ्या नवऱ्याला अर्जात एक प्रश्न हमखास विचारला जातो : पूर्वी कधी तुम्ही त्या देशाचे राहण्याचे वा कामाचे नियम मोडले होते का? आमच्या कोकणात या रकान्यापाशी येऊन लेखणी थांबते. मुलगा शिकायला गेला, मुदत संपली, पण कर्ज फिटले नव्हते. म्हणून मागे राहिला आणि हॉटेलच्या भटारखान्यात विनापरवाना काम केले. पुढे तिथल्याच मुलीशी निकाह झाला. आता सरळ मार्गाने जायचे म्हणून तो स्वतःहून गावी परतला आहे. त्याने काय लिहावे? मोहल्ल्यातले बुजुर्ग सांगतात, "गप्प बस. त्यांना काय कळतंय?"

हा सल्ला आम्हाला पटत नाही. पण तो कुठून आला, ते समजते.

रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रजी आगबोटींवर पिढ्यानपिढ्या चाकरी करीत. सारंग, तांडेल, सुकाणी हे शब्द आमच्या घरांत आडनावांइतकेच मुरलेले आहेत. हे लोक ब्रिटिश प्रजाजन होते. तरीही 1925 च्या एका हुकुमाने काळ्या-सावळ्या खलाशांपैकी ज्यांच्याजवळ प्रजाजनत्वाचा पुरावा नव्हता, त्यांना परकीय म्हणून पोलिसांत नोंद करावी लागली. म्हणजे 'कागद दाखव' हा प्रश्न व्हिसाच्याही आधीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात काही हिंदी खलाशी बंदरात उतरले ते बोटीवर परतलेच नाहीत. मिडलँड्समधल्या कारखान्यांत कामाला लागले. बोटीचा करार मोडल्याचा ठपका त्यांच्यावर होता, पण ब्रिटनमध्ये काम करायला त्यांना वेगळा परवाना लागत नव्हता. 1948 च्या नागरिकत्व कायद्यानंतरही राष्ट्रकुलातल्या माणसाला तिथे येऊन राबण्याची मोकळीक होती. ती 1 जुलै 1962 रोजी आटली. तेव्हापासून कामासाठी येणाऱ्याला सरकारी व्हाउचर लागू लागले. भांडी घासणे तेच, गिरणीतली रात्रपाळी तीच. फक्त आता त्याच कामाला चोरीचा वास येऊ लागला.

1971 चा कायदा 1 जानेवारी 1973 पासून अमलात आला आणि त्याचा हात मागे पोचला. आधीच चोरवाटेने आलेल्यांनाही बाहेर काढता येते, असे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, 1973 मध्येच ठरवले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गृहमंत्री रॉय जेन्किन्स यांनी अशा लोकांना माफी जाहीर केली. पुढे या, सांगा, कायम व्हा. मात्र जे रीतसर शिक्का घेऊन आले आणि मुदतीनंतर राहिले, त्यांच्यासाठी ही माफी नव्हती. आता सांगा, पुढे जाऊन आपले नाव कोण सांगेल? आपण माफीत बसतो की पकडण्याच्या यादीत, हे अर्ज दिल्यावरच कळणार!

तोवर अर्ज बहुतेक बायकांचे असत. नवरा तिकडे, बायको इकडे. पुढे तिकडच्या मुली मोठ्या झाल्या आणि इकडचे जावई रांगेत उभे राहिले. 1980 च्या नियमाने त्यांच्यापुढे नवीच अट ठेवली. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा आहे, असे मानायला अधिकाऱ्याला कारण दिसले तर नकार. निकाहात नियत महत्त्वाची, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण ती अल्लाहच्या हिशेबात असते. इथे ती मुलाखतीच्या टेबलावर तपासली जाऊ लागली. ज्याने पूर्वी तिथे चोरून काम केलेले असे, त्याची नियत आधीच डागाळलेली. हा नियम जून 1997 मध्ये रद्द झाला.

आणि मग 2008. मुदत मोडून राहिलेल्यांना परत प्रवेश नाही : स्वखर्चाने परतला तर एक वर्ष, सरकारी खर्चाने परतला तर पाच, हाकलला गेला तर दहा. पती-पत्नींना या सक्तीच्या बंदीतून वगळले खरे, पण दुसरे एक कलम उघडे राहिले. नियमांचा हेतू अर्जदाराने गंभीरपणे हाणून पाडला असे अधिकाऱ्याला वाटले, तर तो व्हिसा नाकारू शकत होता, आणि त्यात विनापरवाना कामही मोजले जाई. इथेच आमच्या बुजुर्गांचा सल्ला उलटा पडतो. खरे लिहिले तर नकार अधिकाऱ्याच्या मर्जीवर होता. चालू अर्जात खोटे सापडले तर नकार ठरलेलाच होता, आणि तिथे बायकोचे नातेही कामाला येत नव्हते.

2010 मध्ये एका भारतीय नवऱ्याचे अपील तिथल्या वरिष्ठ न्यायाधिकरणापुढे गेले. निकालपत्रात त्याच्या नावाची फक्त दोन आद्याक्षरे आहेत, पी. एस. न्यायाधिकरणाने म्हटले की असा नकार देताना फार काळजी घ्यावी. बेकायदा राहणाऱ्यांनी निघून जावे आणि बाहेरून रीतसर अर्ज करावा, याला उत्तेजन देणे हेही जनहितच आहे. परतलेल्यालाच दार बंद केले, तर पुढचा कशाला परतेल? साधी गोष्ट आहे, पण ती कागदावर यायला एका जोडप्याला अपिलापर्यंत जावे लागले.

हवा मात्र त्यानंतर मऊ झाली नाही. 2016 च्या कायद्याने विनापरवाना काम करणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरला आणि त्या कामाचा पगार गुन्ह्याची कमाई म्हणून जप्त करता येऊ लागला. ज्या पैशांतून गावातल्या बहिणीचे लग्न झाले, जो घामाचा म्हणून हलाल मानून आम्ही जेवलो, त्याला तिकडे हे नाव आहे. डिसेंबर 2020 मध्ये कलमांचे आकडे बदलले. जुन्या उल्लंघनाचा प्रश्न राहिला.

आमच्याकडे अर्ज वाचून घ्यायला आलेल्या त्या मुलाने शेवटी रकान्यात 'हो' लिहिले. खाली तारखा, कामाचे ठिकाण, आठवड्याचे तास. बायको फोनवर होती; एक तारीख तिनेच दुरुस्त केली. जोडायच्या कागदांत निकाहनामा त्याने खाली सरकवला आणि स्वतःच्या पैशाने काढलेले परतीच्या विमानाचे तिकीट सर्वांत वर ठेवले.