पहिला डिजिटल कॅमेरा निवडताना

प्रतिनिधी, नागपूर

मोबाइलच्या कॅमेऱ्याने घरगुती छायाचित्रणाची बहुतेक गरज भागवली असली, तरी स्वतंत्र कॅमेऱ्याची ओढ नागपूरकरांमध्ये कायम आहे. ताडोबा, पेंच आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही वाघांची वने शहरापासून काही तासांच्या अंतरावर आहेत आणि ताडोबात तर डिसेंबर २०१८ मध्ये सफारीदरम्यान मोबाइलवर बंदी घालण्यात आली. त्यामुळे जंगलाची आवड असलेल्या कुटुंबात 'एक चांगला कॅमेरा घ्यावा' हा विषय निघतोच. लेन्स बदलता येणारा प्राथमिक पातळीवरचा कॅमेरा एका लेन्ससह साधारण ४० ते ७० हजार रुपयांत मिळतो. नोकरदार कुटुंबासाठी ही रक्कम लहान नाही. ती कोणत्या निकषावर खर्च करावी, याचा हा आढावा.

मेगापिक्सेलचा मोह

जाहिरातीत सर्वांत ठळक असतो तो मेगापिक्सेलचा आकडा. निवडीच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व आता फारसे उरलेले नाही. कॅनन कंपनीने २००३ मध्ये आणलेला 'ईओएस ३००डी' ६.३ मेगापिक्सेलचा होता आणि त्यातून सुमारे १० बाय ७ इंचांचे उत्तम छायाचित्र छापता येत असे. सध्याच्या प्राथमिक कॅमेऱ्यांत सुमारे २० ते २४ मेगापिक्सेल असतात. २४ मेगापिक्सेलमधून त्याच दर्जाचे २० बाय १३ इंचांचे छायाचित्र निघते. घराच्या भिंतीसाठी एवढे पुष्कळ झाले.

खरा फरक पडतो तो प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या आकाराने. लांब पल्ल्याचा झूम असलेल्या अनेक लहान कॅमेऱ्यांत सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. कॅननच्या प्राथमिक कॅमेऱ्यांतील 'एपीएस-सी' सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे बारापट मोठा असतो. भर दुपारी दोघांतील अंतर चटकन जाणवत नाही. पहाटेच्या जंगलात किंवा रात्रीच्या लग्नसमारंभात मात्र लहान सेन्सरचे छायाचित्र दाणेदार होऊन बिघडते.

आधी विषय, मग लेन्स

कॅमेऱ्यासोबत बहुधा १८-५५ मिलिमीटर किंवा त्याच्या जवळपासची लेन्स मिळते. ती घेऊन वाघाच्या भेटीला गेल्यास काय होते, हे साध्या गणिताने कळते. शेपटी वगळता सुमारे १८० सेंटिमीटर लांबीचा वाघ ३० मीटरवर आडवा उभा असेल, तर ५५ मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा ३.३ मिलिमीटरची पडते. म्हणजे चौकटीचा सातवा हिस्सा वाघाचा आणि उरलेली झाडी! तोच वाघ ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून १८ मिलिमीटरचा, म्हणजे चौकट बहुतांशी भरणारा दिसतो. म्हणूनच ज्यांचा मुख्य विषय वन्यजीव आहे, त्यांनी महागडा कॅमेरा आणि सोबतची छोटी लेन्स घेण्यापेक्षा साधा कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स घेणे शहाणपणाचे.

विषय बदलला की गरजही बदलते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जुन्या नागपुरातून निघणारी मारबतींची मिरवणूक अरुंद रस्त्यांत, अगदी जवळून टिपावी लागते. तेथे १८ मिलिमीटरचा रुंद कोनच उपयोगी. घरातील लहान मुले, वाढदिवस, संध्याकाळचा मंद उजेड यांसाठी ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स स्वस्त आणि गुणी आहे. सोबतच्या लेन्सचे तोंड ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ पेक्षा मोठे उघडत नाही. त्या तुलनेत ही लेन्स सुमारे दहापट प्रकाश आत घेते.

आरशाचा की बिनआरशाचा?

डीएसएलआर कॅमेऱ्यात आरशावरून परावर्तित झालेले दृश्य डोळ्याला दिसते, तर मिररलेस प्रकारात आरसाच नसतो. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. दोघांच्याही नव्या लेन्स आता मिररलेससाठीच येतात. त्यामुळे पुढे लेन्स वाढवायच्या असतील, तर मिररलेस घेणे इष्ट. केवळ शिकायचे असेल, तर चांगल्या अवस्थेतील जुना डीएसएलआर कमी पैशांत काम भागवतो. बॅटरीच्या बाबतीत तर तो वरचढ आहे. निकॉन 'डी३५००' ची बॅटरी एका चार्जवर १५५० छायाचित्रांपर्यंत टिकते, तर मिररलेस 'झेड ३०' ची ३३० पर्यंत. मिररलेस घेणाऱ्याने जादा बॅटरीचा खर्च आधीच धरावा.

नागपूरचे ऊन

बहुतेक उत्पादक कॅमेऱ्यासाठी ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानाची मर्यादा सांगतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो. बंद मोटारीत कॅमेरा ठेवणे त्यामुळे धोक्याचे. रखरखीत उन्हात मागचा पडदा नीट दिसत नाही, म्हणून डोळ्याला लावून पाहण्याची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, असलेले मॉडेल निवडावे. निकॉन 'झेड ३०' आणि सोनी 'झेडव्ही-ई१०' यांत ती सोय नाही, तर कॅनन 'आर५०' आणि 'आर१००' यांत आहे. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते. त्यासाठी सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा पुरतो.

खरेदीपूर्वी हे तपासा

* जीएसटी क्रमांकाचे पक्के बिल आणि भारतातील अधिकृत हमीपत्र घ्यावे. बिलावरील, डब्यावरील आणि कॅमेऱ्यावरील क्रमांक जुळवून पाहावेत. बिलाविना मिळणारी सवलत दुरुस्तीच्या वेळी महाग पडते.
* डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला. सांगितलेली किंमत करासह आहे का, हे आधीच विचारावे.
* जुना कॅमेरा घेताना त्याने किती छायाचित्रे काढली, म्हणजेच 'शटर काउंट', पाहावा. प्राथमिक डीएसएलआरचे शटर साधारण एक लाख छायाचित्रांसाठी बनवलेले असते. लेन्स उजेडासमोर धरून बुरशी आणि ओरखडे तपासावेत.
* मेमरी कार्ड, जादा बॅटरी आणि बॅग यांसाठी रक्कम बाजूला ठेवूनच कॅमेऱ्याचा भाव ठरवावा.
* कॅमेरा हातात धरून पाहावा. जड वाटणारा कॅमेरा पुढे घरीच राहतो.

लांब पल्ल्याची लेन्स पहिल्याच दिवशी घेणे परवडत नसेल, तर घाई करू नये. सोबतच्या लेन्सने दोन-तीन महिने फुटाळ्याची संध्याकाळ, बर्डीची गर्दी आणि घरची माणसे टिपावीत. त्या छायाचित्रांत आपण वारंवार कशाकडे वळतो, हे पाहिले की पुढची लेन्स कोणती घ्यायची, ते ठरवणे सोपे जाते.